शेंड्याकडून वाळणारी झाडे : उपनगरांतील वृक्षांचे रोग आणि आपली जबाबदारी

वृक्ष आजारी पडला आहे, हे आपल्याला सहसा फार उशिरा कळते. गुरे आजारी पडली की चारा सोडतात, मूल आजारी पडले की रडते. वृक्ष मात्र उभ्या उभ्या सोसत राहतो. त्याच्या शेंड्याकडची पाने विरळ होतात, मग एखादी डहाळी वाळते, मग फांदी. आपण मान वर करून पाहतो तेव्हा रोगाला दोन-तीन वर्षे होऊन गेलेली असतात. त्यानंतर जो प्रश्न उभा राहतो, तो गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत, चाळीच्या अंगणात आणि शाळेच्या पालकसभेतही सारखाच असतो : हे झाड ठेवायचे की तोडायचे?

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या दोन्ही बाजूंना मोल आहे. वाळलेली फांदी पावसाळ्यात कोणाच्या तरी अंगावर कोसळू शकते; आणि पन्नास-साठ वर्षांची सावली एका दुपारी तोडली तर ती आपल्या हयातीत परत मिळत नाही. भीतीपोटी तोडणे आणि आळसापोटी दुर्लक्ष करणे हे दोन्ही मार्ग टाळावयाचे असतील, तर रोग ओळखता आला पाहिजे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत आणि आपापल्या मूळ गावी राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना उपयोगी पडावी, एवढ्याच हेतूने आम्ही ही माहिती येथे मांडीत आहोत.

व्रण आणि शेंडेमर

झाडाच्या सालीखाली एक अतिशय पातळ, ओलसर, जिवंत थर असतो. झाडाची जाडी वाढविण्याचे काम हा थर करतो. त्याच्या बाहेरच्या बाजूस पानांत तयार झालेले अन्न खाली नेणाऱ्या रसवाहिन्या असतात, आणि आतल्या बाजूस मुळांनी शोषलेले पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या. प्रचंड बुंध्याच्या वृक्षाचेही खरे जीवन सालीलगतच्या या थोड्याशा जाडीत चाललेले असते. मधले लाकूड आधार देते, पण ते बहुतांशी मृत असते. म्हणूनच पोकळ खोडाचा वड शेकडो वर्षे जगू शकतो, आणि सालीचे वेढ्यासारखे कडे काढलेले धडधाकट झाड थोड्याच काळात मरते.

बुरशीने साल आणि तिच्याखालचा जिवंत थर मारला की त्या जागी जो खोलगट, काळपट, कडांना भेगा पडलेला डाग तयार होतो, त्याला व्रण म्हणावे. झाड त्या व्रणाच्या कडेने नवी ऊती वाढवून तो बुजविण्याचा प्रयत्न करते. झाडाची वाढ जोमात असते तेव्हा झाडाची सरशी होते. ताणाच्या काळात बुरशी पुन्हा पुढे सरकते. अशी ही ओढाताण वर्षानुवर्षे चालते. व्रणाने फांदीला पूर्ण वेढा घातला की त्याच्या पलीकडचा भाग वाळतो.

शेंड्याकडून सुरू होऊन खाली उतरत जाणाऱ्या वाळण्याला आपल्याकडे शेंडेमर म्हणतात. शेतकरी ‘डायबॅक’ हाही शब्द सर्रास वापरतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेंडा वाळला म्हणजे रोग शेंड्यातच आहे, असे होत नाही. कधी बुरशी शेंड्यातून शिरून खाली उतरत असते. कधी व्रण दहा फूट खाली असतो आणि त्याचा परिणाम तेवढा वर दिसतो. कधी दोष थेट मुळांत असतो. दिसणारे लक्षण आणि रोगाचे स्थान यांत अंतर असते. चुकीच्या ठिकाणी चालविलेली कुऱ्हाड या अंतरामुळेच वाया जाते.

लिंबावरील ‘खैऱ्या’ या रोगालाही इंग्रजीत कँकर असेच नाव आहे. परंतु तो जिवाणूंमुळे होतो. विदर्भातील संत्र्याच्या बागांत बुंध्यातून डिंक वाहविणारा ‘डिंक्या’ हा फायटोप्थोरा नावाच्या, बुरशीसदृश पण वेगळ्या कुळातील जीवामुळे होतो. नावे जवळची असली तरी उपचार वेगळे असतात, म्हणून हा भेद सांगितला.

बुरशी आत शिरते कशी

निरोगी साल ही झाडाची तटबंदी आहे. बुरशीचे बहुतेक बीजाणू ती भेदू शकत नाहीत. त्यांना वाट लागते. ही वाट वादळात मोडलेली फांदी देते, खोडकिड्याने पाडलेले भोक देते, उन्हाने भाजलेली साल देते. शहरात मात्र ही वाट बहुधा माणूसच करून देतो. जाहिरातीच्या पाट्यांसाठी ठोकलेले खिळे, रोषणाईच्या माळांसाठी आवळलेल्या तारा, रोप वाढले तरी न सोडलेली दोरी, बुंध्याला घासणारी वाहने, सालीचे लांब पट्टे फाडीत कोसळलेली अर्धवट कापलेली फांदी, या सर्व उघड्या जखमा होत. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या उपनगरांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर बीजाणू फांदीवरून फांदीवर उडतात, आणि ओली जखम त्यांना आयती सापडते.

परंतु जखम हे एकच कारण नव्हे. आंब्याची शेंडेमर घडविणारी लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी ही बुरशी आणि तिच्या कुळातील अनेक बुरश्या निरोगी दिसणाऱ्या फांदीतही लक्षण न दाखविता राहू शकतात. झाडाला पाण्याचा ताण पडला, मुळे तोडली गेली, किंवा ती साचलेल्या पाण्यात गुदमरली, की त्या डोके वर काढतात. म्हणून वनस्पतिरोगशास्त्रात रोगाचा त्रिकोण शिकविला जातो : रोगास बळी पडणारे झाड, रोग घडविणारा जीव आणि अनुकूल परिस्थिती. तीन बाजू जुळल्या तरच रोग होतो. बुरशीचे बीजाणू हवेतून नाहीसे करणे आपल्या हाती नाही. परिस्थितीची बाजू मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

उपनगरांतील रस्त्याकडेच्या झाडाची परिस्थिती कशी असते? बुंध्यापर्यंत सिमेंट काँक्रीट आलेले, पावसाचे पाणी मुळांत न मुरता गटारात जाणारे, वाहिन्यांसाठी खणलेल्या चरांत एका बाजूची मुळे तुटलेली, आणि वर एप्रिल-मेमध्ये घाईने उतरविलेल्या फांद्यांच्या ताज्या जखमा. पाऊस लागतो तो या जखमांवर. बुरशीला याहून अधिक काय हवे?

आपल्या भोवतीची झाडे

आंबा. गावठाणांत आणि जुन्या वाड्यांच्या आवारांत रायवळ आंबे अजून उभे आहेत. त्यांच्या शेंडेमरीचे लक्षण पावसाळा संपता संपता, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्पष्ट होते. डहाळीचे टोक काळपट पडते, पानांच्या कडा वर वळतात, पाने तपकिरी होऊन गळतात, काही वेळा फांदीतून डिंक पाझरतो. फांदी उभी चिरली तर आत तपकिरी रेषा दिसतात. आंब्याच्या बुंध्यावर भुसा पडलेला दिसला तर तेथे भिरूड ही खोडकिडी आहे असे समजावे. तिने पाडलेल्या भोकांतून बुरशीलाही वाट मिळते.

आंबा, फणस, काजू. कोकणच्या मुसळधार पावसात या झाडांवर ‘गुलाबी रोग’ येतो. फांद्यांच्या बेचक्यात प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे, रेशमी तंतू दिसतात. नंतर तेथे फिकट गुलाबी खपली धरते. साल फुटते आणि पुढची फांदी भर पावसात, भोवती सगळे हिरवेगार असताना, वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये आंब्या-फणसाची एकच फांदी पिवळी पडलेली दिसली, तर बेचका अवश्य तपासावा.

कडुनिंब. दुष्काळी भागातही तग धरणारे हे झाड रोगमुक्त आहे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कडुनिंबाची शेंडेमर घडविणाऱ्या बुरशीचे फोमॉप्सिस अझाडिरॅक्टी असे नामकरण भारतीय संशोधकांनीच १९९७ मध्ये केले. २०२१ च्या सुमारास तेलंगणात कडुनिंबाची झाडे मोठ्या प्रमाणावर तांबूस, करपल्यासारखी दिसू लागली. तेथे या बुरशीबरोबर टी मॉस्किटो बग हा रसशोषक ढेकूणही आढळला. त्याने कोवळ्या शेंड्यांना केलेल्या जखमा बुरशीच्या पथ्यावर पडतात. हा रोग पावसाळ्यात सुरू होतो आणि पावसाळ्यानंतर उग्र दिसतो. मात्र अशी पुष्कळ झाडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा पालवतात. डिसेंबरात तांबूस झालेला कडुनिंब मेला असे मानून तोडू नये; त्याला पुढच्या पालवीपर्यंत अवधी द्यावा.

पर्जन्यवृक्ष. उपनगरांतील रस्त्यांवर छत्रीसारखा पसरणारा हा वृक्ष मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. २०१० नंतरच्या दशकात मुंबईत असे कित्येक वृक्ष सुकले. त्या संदर्भात प्रामुख्याने नाव घेतले गेले ते पिठ्या ढेकणाचे. हा पांढरा, पिठूळ कीटक डहाळ्यांतील रस शोषतो. त्याच्या गोड स्रावावर पाने काळी करणारी काजळी बुरशी वाढते. ही काजळी पानांच्या पृष्ठभागावर असते, बोटाने पुसली जाते, आणि ती स्वतः झाडाला मारीत नाही. कीड कोठे आहे याची ती खूण असते. परंतु कीड आणि कोंडलेली मुळे यांनी खंगलेल्या झाडात फांद्या मारणाऱ्या बुरश्यांना शिरकाव सोपा होतो.

वड आणि पिंपळ. या कुळातील झाडांवर एक वेगळा व्रण आढळतो. साल कागदासारखी सुटते आणि तिच्याखाली काजळीसारखी काळी भुकटी दिसते. ही निओसायटॅलिडियम नावाची, उष्णता मानवणारी बुरशी. तिची बाधा उन्हाने भाजलेल्या सालीवर अधिक होते. सगळ्या फांद्या एकदम उतरवून झाडाचे खुंट केले, की आजवर सावलीत असलेली साल अकस्मात भर उन्हात येते. एका वेळी चौथ्या हिश्श्याहून अधिक पालवी काढू नये, असा जो संकेत आहे त्याचे एक कारण हेच.

बोधगयेचा दाखला

आपल्या समाजाला पिंपळाविषयी निराळी आस्था आहे, म्हणून एक ऐतिहासिक दाखला येथे देणे उचित होईल. पुरातत्त्ववेत्ते अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६२ मध्ये बोधगयेचा वृक्ष पाहिला, तेव्हा तो फार जीर्ण झाला होता. पश्चिमेकडील काही फांद्या हिरव्या होत्या. बाकीच्या साल गेलेल्या आणि कुजलेल्या होत्या. पुढील भेटींत त्यांना तो अधिकाधिक ढासळलेला आढळला, आणि १८७६ मध्ये उरलेला भाग वादळात कोसळला. परंतु त्याची रोपे तोवर जोपासली गेली होती. त्यांपैकी एक त्या जागी लावले गेले. आज आपण ज्याच्या सावलीत उभे राहतो तो हाच वृक्ष. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आता त्याची तपासणी करीत असतात, आणि त्याच्या जड फांद्यांना आधाराचे खांब दिलेले आहेत. त्याआधी, इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, संघमित्रा थेरींनी मूळ वृक्षाची फांदी सिंहलद्वीपातील अनुराधपुरास नेली, अशी परंपरा आहे.

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली अशी की, वृक्ष वंदनीय असला म्हणून तो रोगमुक्त असत नाही. वंदनेइतकीच त्याला शुश्रूषाही हवी. दुसरी अशी की, जीर्ण वृक्ष उभा असतानाच त्याचा वारस तयार ठेवावा लागतो. आपल्या अनेक वस्त्यांत विहारासमोर पिंपळ असतो. त्याला सिमेंटचा पार बांधताना बुंध्याभोवती मातीचा भराव घातला जातो, बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला पताका व रोषणाई यांसाठी खिळे ठोकले जातात. हे सारे प्रेमाने होते, यात शंका नाही. पण भरावाखाली गाडलेली बुंध्याची साल सतत ओली राहून कुजते, आणि प्रत्येक खिळ्याबरोबर एक जखम होते. पताका दोरीने सैल बांधाव्यात, कार्यक्रम संपताच सोडाव्यात, आणि पार बुंध्यापासून हातभर तरी दूर ठेवून मधली माती मोकळी ठेवावी. एवढ्याने पिंपळाचे आयुष्य वाढेल.

जगाचा एक धडा

वृक्षांच्या व्रणरोगाचे सर्वांत दारुण उदाहरण अमेरिकेतील आहे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या आवारात चेस्टनट वृक्षांवर नारिंगी ठिपक्यांचे व्रण दिसू लागले. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर ही बुरशी तेथे पोहोचली होती. आशियातील चेस्टनट वृक्ष तिच्या सहवासात वाढलेले असल्याने तिला तोंड देऊ शकत. अमेरिकेतील वृक्षांना तिची सवय नव्हती. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ मध्ये खास आयोग नेमून रोगग्रस्त झाडे तोडण्याचा प्रयत्न केला, पण बुरशी पुढे निघून गेली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे ३०० ते ४०० कोटी वृक्ष नष्ट झाले. आजही त्यांच्या जुन्या मुळांतून धुमारे फुटतात, आणि थोडे मोठे झाले की व्रण त्यांना पुन्हा गाठतो.

युरोपातही हा रोग गेला. तेथे मात्र १९५० नंतर इटलीत काही व्रण आपोआप भरून येत असल्याचे दिसले. शोधाअंती कळले की, त्या बुरशीलाच एका विषाणूची बाधा झाली होती आणि त्यामुळे ती दुर्बळ झाली होती. पुढे अशी दुर्बळ बुरशी मुद्दाम सोडून झाडे वाचविण्याचे प्रयोग झाले.

आपल्यासाठी यातील बोध व्यावहारिक आहे. रोग बहुधा रोपवाटिकेतून घरी येतो. वृक्षारोपणाच्या दिवशी शंभर रोपे लावल्याच्या आनंदात आपण ती तपासत नाही. खोडावर खोलगट डाग, वाळलेला शेंडा किंवा पिशवीत गुंडाळून वळलेली मुळे असतील तर ते रोप घेऊ नये. शंभर रोगट रोपांपेक्षा दहा निरोगी रोपे अधिक उपयोगाची.

निदान : डोळे, नख आणि चाकू

निदानासाठी प्रयोगशाळा नेहमीच लागते असे नाही. प्रथम झाडापासून दूर उभे राहून पाहावे. एकच फांदी वाळली असेल तर व्रण किंवा खोडकिडा शोधावा. झाडाची एकच बाजू वाळली असेल तर त्या बाजूस अलीकडे चर खणला गेला का, बांधकाम झाले का, हे विचारावे. संपूर्ण माथा विरळ झाला असेल तर दोष मुळांत किंवा बुंध्यात असण्याचा संभव मोठा.

नंतर जवळ जावे. वाळलेल्या डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवा, ओला थर दिसला तर ती जिवंत आहे. तपकिरी व कोरडा असेल तर मृत. असे खरवडत खाली आल्यास मृत आणि जिवंत यांची सीमा सापडते. वाळलेली फांदी आडवी कापली तर छेदावर पाचरीच्या आकाराचा गडद डाग दिसतो का, ते पाहावे. तो बुरशीच्या व्रणाचा चांगला पुरावा आहे.

शेवटी बुंध्याकडे वाकून पाहावे, आणि ही पायरी कधीही टाळू नये. बुंध्यालगत फळीसारखी, कठीण, तपकिरी छत्रे उगवलेली असतील तर ती गॅनोडर्मासारख्या, मुळे व बुंधा कुजविणाऱ्या बुरशीची असू शकतात. शेंडेमर झालेले झाड भकास दिसते, पण त्याचा बुंधा भक्कम असू शकतो. उलट बुंधा कुजलेले झाड वर हिरवेगार दिसते आणि पहिल्याच वादळात मुळासकट उलथते. आपल्याला वाळलेल्या शेंड्याची भीती वाटते. खरा धोका पुष्कळदा बुंध्याशी असतो. हिरवे झाड म्हणजे सुरक्षित झाड, हे समीकरण मनातून काढून टाकले पाहिजे.

शुश्रूषा

व्रण झालेल्या जागी औषध ओतून बुरशी मारता येत नाही. रोगट भाग काढणे हाच मुख्य उपाय. फांदी कोरड्या हवेत कापावी आणि तपकिरी झालेल्या लाकडाच्या खाली, निरोगी भागात दहा-पंधरा सेंटिमीटर उतरून कापावी. दोन झाडांच्या मध्ये करवत स्पिरिटने पुसून घ्यावी. अन्यथा रोग आपणच वाहून नेतो. मोठी फांदी तीन कापांत उतरवावी. खोडापासून सुमारे फूटभर अंतरावर पहिला काप खालून, अर्धवट. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे वजन उतरते आणि साल फाटत नाही. तिसरा काप राहिलेल्या खुंटाचा.

हा तिसरा काप कोठे घ्यावा, हे अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो वृक्ष चिरून अभ्यासल्यावर स्पष्ट केले. फांदी खोडाला मिळते तेथे किंचित फुगीर कडे असते. या कड्यात झाडाची संरक्षक व्यवस्था असते. काप या कड्याच्या लगत बाहेर घ्यावा. कड्यासकट सपाट कापले तर जखम मोठी होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजून आत रोग नेतो. शिगो यांचे दुसरे प्रतिपादन असे की, झाड जखम ‘बरी’ करीत नाही. ते रोगट लाकडाभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकते आणि पुढे नवे लाकूड वाढविते. म्हणून जुन्या पोकळीत सिमेंट भरणे किंवा आतील लाकूड खरवडून काढणे हे हिताचे नाही. खरवडताना झाडाने उभारलेली भिंतच आपण फोडतो.

कापलेल्या जागी डांबर किंवा तैलरंग लावू नये. त्याखाली ओल कोंडते. आपल्याकडे फळबागांसाठी बोर्डो पेस्टची शिफारस केली जाते, ती रोगनाशक म्हणून. फ्रान्समधील बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये या मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना दूर ठेवण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडलेला होता, आणि त्याच वेली रोगापासून वाचल्या, हे त्यांच्या नजरेस आले होते. पेस्टसाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी लागते. फवारणीच्या एक टक्का मिश्रणासाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्यास शंभर लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वा मातीच्या निरनिराळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सळई बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, तो वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. मोरचूद विषारी आहे. हे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावे आणि मुलांचा वावर असलेल्या जागी फवारणी सुट्टीच्या दिवशीच करावी.

याच्या जोडीला झाडाची ताकद वाढविली पाहिजे. बुंध्याभोवती निदान एक मीटर माती मोकळी असावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बाबतीत एवढ्याच अंतरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. मोकळ्या मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन द्यावे, पण ते बुंध्याला टेकू देऊ नये. मार्च ते मे या काळात रोगाने खंगलेल्या झाडाला बुंध्याशी नव्हे, तर फांद्यांच्या घेराखाली सावकाश पाणी द्यावे.

तोडावे की ठेवावे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फांद्या वाळल्या असून बुंधा निरोगी असेल, तर छाटणी आणि शुश्रूषा करून झाड ठेवावे. बुंधा कुजला असेल, झाड एका बाजूस कलत असेल, मुळांजवळची जमीन उचलली गेली असेल, तर माणसांचा जीव प्रथम. तेथे भावना आड येऊ देऊ नयेत. निर्णय मात्र आपण एकट्याने घ्यावयाचा नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही परवानगी लागते. मुंबईत त्यासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. अर्जासोबत वर सांगितलेल्या निरीक्षणांची टिपणे आणि छायाचित्रे जोडली, तर अधिकाऱ्यांनाही निर्णय घेणे सोपे जाते.

छाटणी करणारा कामगार हा या सर्व व्यवस्थेतील शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. उंचावर जीव धोक्यात घालून तो काम करतो. त्याला कमरेचा दोर, शिरस्त्राण, धारदार करवत आणि पुरेसा वेळ मिळाला, तर काप नेमका होतो. सोसायटीच्या वतीने काम देणाऱ्याने केवळ दर न पाहता या गोष्टी पाहाव्यात. कामगाराची सुरक्षितता आणि झाडाचे आरोग्य येथे एकाच धाग्याने बांधलेले आहेत.

वर्षभराचा क्रम

लक्षात ठेवण्यास सोपे जावे म्हणून वर्षाचा क्रम देतो. जानेवारी-फेब्रुवारीत रोगट फांद्यांची छाटणी करावी. पाऊस येण्यापूर्वी जखमांच्या कडा भरू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पालवी पाहून कोणती फांदी जिवंत आहे ते ठरवावे आणि पाणी द्यावे. मेअखेर आंबा-फणसाच्या बुंध्यांना व बेचक्यांना बोर्डो पेस्ट लावावी. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल तेव्हा गुलाबी रोग आणि बुंध्यालगतची छत्रे शोधावीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात शेंडे पाहावेत आणि टिपून ठेवावेत. कापलेल्या रोगट फांद्यांचा ढीग झाडाखाली ठेवू नये, कारण त्यावरही बीजाणू तयार होत राहतात. तो महापालिकेच्या कचरागाडीत द्यावा, जाळू नये.

शेवटी एक विनंती. शाळेत, विहारात किंवा सोसायटीत झाडांची एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर मोजावा, माथ्याचा किती चतुर्थांश भाग वाळला आहे ते लिहावे, आणि दर ऑक्टोबरात त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे. सातवी-आठवीतील मुले हे काम उत्तम करू शकतात. पाच वर्षांनी ती नोंदवही उघडली, की कोणते झाड सावरते आहे आणि कोणते खचते आहे, हे अंदाजाने सांगावे लागणार नाही. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीत एका झाडापासून आरंभ केला तरी पुरे. ज्या झाडाची नोंद आहे, ते झाड घाईने तोडले जात नाही आणि त्याचा धोकाही दुर्लक्षित राहत नाही.